प्रकाश सापळा व पतंगांचे सर्वेक्षण

निशाचर कीटकांना दिव्याच्या उजेडाने जवळ आणून ते अडकून राहतील अशा पेटीत किंवा पात्रात जमा करणाऱ्या साधनास प्रकाश सापळा म्हणतात. एखाद्या क्षेत्रात पतंगांच्या किती जाती आहेत आणि प्रत्येक जातीचे प्रमाण काय आहे, हे ठरविण्यासाठी जगभर मुख्यत्वे हेच साधन वापरले जाते. सापळ्यात सापडलेल्या पतंगांची संख्या आणि त्या क्षेत्रात असलेल्या पतंगांची संख्या या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरीविषयी कोणते अनुमान काढता येते व कोणते येत नाही, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न असून सापळ्याची रचना, तो लावण्याची पद्धत आणि मिळालेल्या आकड्यांवरील गणित या सर्वांचा विचार त्याच्याच अनुरोधाने करावा लागतो.

खवलेपंखी (लेपिडोप्टेरा) गणातील शास्त्रीय वर्णन झालेल्या जाती सु. १,६०,००० असून त्यांपैकी फुलपाखरे सु. १८,००० आहेत; बाकीचे सर्व पतंग होत. भारतातच पतंगांच्या दहा हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. फुलपाखरांची पाहणी दिवसा ठराविक वाटेने चालत जाऊन व दिसेल ते मोजून करता येते. बहुसंख्य पतंग रात्री उडतात आणि दिवसा झाडाच्या सालीवर, पाचोळ्यात किंवा भिंतीवर इतके बेमालूम बसतात की, हाताच्या अंतरावर असूनही नजरेस पडत नाहीत. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याऐवजी त्यांना आपल्याकडे आणणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. पतंगांच्या अळ्या बहुधा ठराविक वनस्पतींवरच वाढतात. त्यामुळे एखाद्या ठिकाणच्या पतंगांची यादी ही अप्रत्यक्षपणे तेथील वनस्पतिजीवनाची कथा सांगते. पक्षी, वटवाघळे व पाली यांचे हे मोठे खाद्य असून रात्री उमलणाऱ्या अनेक फुलांचे परागण त्यांच्याकडून होते.

पतंग दिव्याकडे का येतात : दिव्यावर झेप घेऊन जळणारा पतंग हा विषयासक्तीचा दृष्टांत म्हणून मराठी संतवाङ्मयाला चिरपरिचित आहे. आधुनिक निरीक्षणे मात्र पतंगाला या आरोपातून बहुतांशी मुक्त करतात. पतंग चंद्राशी ठराविक कोन राखून सरळ रेषेत उडतात व जवळच्या दिव्याला चंद्र समजल्यामुळे त्यांचा मार्ग सर्पिलाकार होऊन ते दिव्यावर येऊन आदळतात, असे स्पष्टीकरण दीर्घकाळ प्रचलित होते. उडणाऱ्या कीटकांचे अतिवेगवान चित्रीकरण करून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने वेगळे कारण पुढे आणले. रात्रीच्या वेळीही जमिनीपेक्षा आकाश अधिक उजळ असते. कीटक आपली पाठ सतत अधिक उजेडाच्या बाजूस ठेवतात आणि त्यामुळे त्यांना वर-खाली यांचे भान राहते. जवळ दिवा असला की पाठ आकाशाऐवजी दिव्याकडे वळते. परिणामी शरीर कलते आणि कीटक दिव्याभोवती घिरट्या घालीत राहतो. तो दिव्याच्या नेमका वरून गेला, तर उलटा होऊन खाली कोसळतो. म्हणजे दिवा त्याला दुरून ओढून घेत नाही. जवळून जाणाऱ्यास तो अडकवून ठेवतो. हा नियम सार्वत्रिक नाही. कण्हेरीवर ज्याची अळी वाढते व जो महाराष्ट्रातील बागांतही आढळतो, तो हिरवट रंगाचा मोठा पतंग (डॅफ्निस नेरिआय) याच प्रयोगांत दिव्यावरून पाठ न वळविता सरळ निघून जाताना दिसला.

दिव्याचा प्रभाव किती अंतरापर्यंत पोहोचतो याविषयीचे आकडे बरेच उद्बोधक आहेत. बेकर व सॅडोव्ही यांनी १९७८ मध्ये १२५ वॉटच्या, जमिनीपासून थोड्याच उंचीवर ठेवलेल्या दिव्यासाठी ते केवळ सु. ३ मी. असल्याचे दाखविले. पतंगांवर खुणा करून ते पुन्हा सोडण्याच्या नंतरच्या प्रयोगांत सौम्य दिव्यांसाठी हे अंतर सु. १० ते ३० मी.पर्यंत आढळले. दिवा मैलभर अंतरावरून दिसतो म्हणून मैलभरातील पतंग गोळा होतात, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. सर्वेक्षणाच्या दृष्टीने ही इष्टापत्तीच आहे. सापळ्यात येणारे पतंग मुख्यत्वे आसपासच्या अधिवासातले असतात आणि म्हणून राईच्या कडेला व राईच्या आत लावलेल्या दोन सापळ्यांतील फरकाला काही अर्थ असतो.

रचना : पतंगांचे डोळे जंबुपार, निळ्या व हिरव्या प्रकाशाला विशेष संवेदनशील असतात. यामुळे तांबूस-पिवळा प्रकाश देणाऱ्या दिव्यापेक्षा जंबुपार किरण बाहेर टाकणारा दिवा कितीतरी अधिक परिणामकारक ठरतो. सर्वांत सोपी पद्धत म्हणजे दोन खांबांमध्ये पांढरी चादर ताणून तिच्यासमोर दिवा लावणे. हा खऱ्या अर्थाने सापळा नव्हे. येथे निरीक्षकाला रात्रभर जागे राहून चादरीवर बसलेल्या पतंगांची नोंद करावी लागते किंवा छायाचित्रे घ्यावी लागतात. यादी करण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे, पण संख्येच्या तुलनेसाठी ती बेभरवशाची आहे, कारण निरीक्षकाचा उत्साह पहाटेपर्यंत सारखा राहत नाही.

स्वयंचलित सापळ्यात दिव्याखाली नरसाळे व नरसाळ्याखाली पेटी असते. दिव्याभोवती उभ्या बसविलेल्या पट्ट्यांवर पतंग आपटतो, घसरून नरसाळ्यातून पेटीत पडतो आणि अरुंद तोंडातून त्याला परतीची वाट सापडत नाही. पेटीत अंडी ठेवण्याचे पुठ्ठ्याचे ट्रे पालथे घातल्यास पतंग त्यांच्या खळग्यांत सकाळपर्यंत शांत बसून राहतात. रॉबिन्सन बंधूंनी १९५० मध्ये वर्णन केलेला गोल सापळा पाऱ्याच्या बाष्पाच्या १२५ वॉटच्या दिव्यावर चालतो. तो प्रभावी आहे, पण त्याला वीजजोडणी किंवा जनित्र लागते. जॉन हीथ यांनी १९६५ मध्ये सुचविलेला सुटसुटीत सापळा घडी करून पाठीवरून नेता येतो. सौम्य जंबुपार नळी व संचायक विद्युत् घट यांवर तो चालत असल्यामुळे दुर्गम जंगलात त्याचाच उपयोग होतो. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील संशोधन केंद्राने आपल्या सापळ्यात मुद्दाम २०० वॉटचा साधा, टंगस्टन तारेचा दिवा ठेवला. त्यात पतंग तुलनेने कमी येतात, म्हणून रोजची मोजणी आवाक्यात राहते आणि दररोज पतंग काढून घेतल्याने स्थानिक संख्येवर परिणाम होत नाही. अधिकाधिक पतंग मिळविणारा सापळा तो उत्तम सापळा, ही हौशी संग्राहकाची दृष्टी झाली. मोजणी करणाऱ्यास वर्षानुवर्षे सारखाच वागणारा सापळा हवा असतो.

या सारखेपणाला अलीकडे एका अनपेक्षित दिशेने धोका उत्पन्न झाला आहे. पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण आणणारा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला व त्यानुसार सर्वसाधारण प्रकाशयोजनेसाठीचे पाऱ्याच्या बाष्पाचे उच्च दाबाचे दिवे २०२० पासून बंद करण्याचे ठरले. त्यांच्या जागी एलईडी दिवे आले. हे दिवे हलके, कमी वीज खाणारे व हवी ती तरंगलांबी देणारे आहेत. परंतु दिवा बदलला की येणाऱ्या जातींचे परस्पर प्रमाणही बदलते. जुन्या व नव्या दिव्यांचे सापळे काही काळ जोडीने चालवून त्यांतील गुणोत्तर काढल्याशिवाय जुनी आकडेवारी नव्या आकडेवारीला जोडता येत नाही.

पतंग मारून जमा करावेत की जिवंत ठेवून सोडून द्यावेत, हा वाद जुना आहे. मोठ्या पतंगांपैकी बरेच बाह्यरूपावरून ओळखता येतात. त्यांची नोंद करून ते सोडून देणेच योग्य. लहान पतंगांत मात्र अनेक जातींची निश्चिती जननेंद्रियांच्या विच्छेदनाशिवाय होत नाही. अशा वेळी मोजके नमुने एथिल ॲसिटेटाच्या बाष्पाने मारून, टाचून संग्रहालयात ठेवणे अपरिहार्य असते. केवळ छायाचित्रावरून ठोकलेली नावे पुढे तपासता येत नाहीत आणि अशा नावांनी फुगलेल्या याद्या दिशाभूल करतात.

लावण्याची पद्धत : एकाच रात्री एकाच जागी पकडलेल्या पतंगांची संख्या दुसऱ्या रात्री निम्मी किंवा दुप्पट भरू शकते. उबदार, ढगाळ, निवांत रात्री पतंग भरपूर येतात. थंडी, जोराचा वारा व स्वच्छ चांदणे यांत ते रोडावतात. चंद्राच्या कलांचा परिणाम सी. बी. विल्यम्स यांनी १९३० नंतरच्या दशकात सविस्तर अभ्यासला आणि पौर्णिमेच्या आसपास सापळ्यातील संख्या स्पष्टपणे घटते असे दाखविले. यातून पतंग चांदण्यात कमी उडतात असा निष्कर्ष लगेच निघत नाही, कारण सभोवारचा उजेड वाढला की दिव्याचा प्रभावक्षेत्राचा परीघ आकसतो. पकड कमी होण्याची ही दोन कारणे केवळ सापळ्याच्या आकड्यांवरून वेगळी करता येत नाहीत. व्यवहारात अमावास्येच्या अलीकडच्या-पलीकडच्या रात्री निवडतात किंवा संपूर्ण चांद्रमास सापळा चालवितात.

तुलना करावयाच्या ठिकाणी एकाच प्रकारचा दिवा, सारखीच उंची आणि सारखेच तास असावेत. दोन सापळे एकमेकांच्या दिव्याच्या टप्प्यात येऊ नयेत. सापळे पुरेसे नसल्यास ते आळीपाळीने निरनिराळ्या जागी हलवितात, म्हणजे एखाद्या चांगल्या रात्रीचा लाभ एकाच जागेला मिळत नाही. रात्रीचे तासही सारखे नसतात. काही कुलांतील पतंग दिवेलागणीनंतर लगेच येतात, तर मोठे, वेगाने उडणारे स्फिंजिडी कुलातील काही पतंग मध्यरात्रीनंतर अवतरतात. त्यामुळे दहा वाजता आवरलेली पाहणी एकांगी होते. सकाळी पेटी उघडण्यास उशीर करू नये. सापळ्याची जागा एकदा कळली की कोतवाल, दयाळ यांसारखे पक्षी उजाडताच तेथे हजर होतात व बाहेरच्या बाजूस बसलेले ठळक पतंग प्रथम उचलतात. मग यादीत फक्त बेमालूम बसणारे उरतात.

सह्याद्रीच्या परिसरात पतंगांचा बहर पावसाळ्याशी निगडित आहे. पहिल्या पावसानंतर पालवी फुटते, अळ्या वाढतात आणि पुढे प्रौढ पतंगांची संख्या चढत जाते. पण मृगाच्या सुमारास दिव्यावर पंखांच्या वाळवीची आणि हुमणीच्या भुंगेऱ्यांची इतकी झुंबड उडते की, पेटी त्यांनीच भरते. जाड अंगाचे भुंगेरे आत वळवळत राहिल्याने नाजूक पतंगांच्या पंखांवरील खवले झडून ते ओळखण्यापलीकडे जातात. नरसाळ्याखाली जाळी बसवून मोठे भुंगेरे वेगळे करण्याची युक्ती अशा वेळी उपयोगी पडते. समशीतोष्ण प्रदेशातील पुस्तकांत या अडचणीचा उल्लेख क्वचितच सापडतो. संततधार पावसात दिव्याची काच तडकू नये व पेटीत पाणी साचू नये याची तजवीज करावी लागते. धुके मात्र बरेचदा लाभदायक ठरते.

आकड्यांचा अर्थ : विल्यम्स यांनी रॉथॅमस्टेड येथे १९३३–३६ या चार वर्षांत एकाच सापळ्यात मोठ्या पतंगांपैकी १५,६०९ पतंग पकडले, ते २४० जातींचे होते. सर्वांत विपुल अशा एकाच जातीचे २,३४९ पतंग होते, तर ३५ जातींचा चार वर्षांत केवळ एकेक पतंग मिळाला होता. थोड्या जाती विपुल व पुष्कळ जाती विरळ, हा आकृतिबंध ए. एस. कॉर्बेट यांना मलायातील फुलपाखरांच्या संग्रहातही दिसला होता. सांख्यिकीविज्ञ आर्. ए. फिशर यांनी त्याचे गणिती सूत्र दिले आणि तिघांचा संयुक्त निबंध १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. परिस्थितिविज्ञानातील पायाभूत निबंधांत त्याची गणना होते. त्यातील निम्मी सामग्री एका दिव्याखालच्या पेटीतून आलेली आहे.

या सूत्रानुसार पकडलेल्या पतंगांची संख्या वाढत जाते तसतशी जातींची संख्याही वाढते, पण उत्तरोत्तर मंदगतीने. या वाढीचा दर ज्या एका स्थिरांकाने ठरतो, त्यास आल्फा किंवा विविधतेचा निर्देशांक म्हणतात. रॉथॅमस्टेडच्या वरील सामग्रीसाठी तो सु. ४० येतो. त्याचे महत्त्व उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, दोन राया विविधतेच्या दृष्टीने अगदी सारख्या असून दोहोंचाही आल्फा ४० आहे. एकीत ५०० पतंग पकडले, तर सूत्राने सु. १०४ जाती अपेक्षित आहेत. दुसरीत ५,००० पकडले, तर सु. १९३. नुसत्या याद्या शेजारी ठेवल्या, तर दुसरी राई जवळजवळ दुप्पट समृद्ध भासेल. वस्तुतः फरक फक्त पकडीचा आहे. पकड दुप्पट केली की दर वेळी सु. २८ जातींची भर पडत जाते आणि यादी पूर्ण झाली असे म्हणता येईल असा टप्पा लवकर येत नाही. म्हणूनच ‘अमुक अभयारण्यात पतंगांच्या इतक्या जाती आहेत’ या विधानास, किती रात्रींत व किती पतंगांमधून त्या मिळाल्या हे सांगितल्याखेरीज, फारसे मूल्य नसते.

विपुलतेचा प्रश्न याहून अवघड आहे. सापळ्यात येणारी संख्या ही प्रत्यक्ष संख्या, त्या रात्रीची उड्डाणाची प्रवृत्ती आणि दिव्याला मिळणारा प्रतिसाद या तीन घटकांचा गुणाकार असते. शेवटचे दोन घटक जातीगणिक बदलतात. पुष्कळ जातींत मादीपेक्षा नर अधिक येतात आणि काही जातींच्या माद्यांना पंखच नसतात. दिवसा उडणारे रंगीत पतंग दिव्यावर क्वचितच येतात. नागपूर भागात संत्र्याच्या फळांना सोंडेने छिद्र पाडून रस शोषणारे पतंग (युडोसिमा वंश) उजेडापेक्षा पिकलेल्या फळाच्या वासाला अधिक वश होतात. त्यांच्यासाठी गूळ व सडलेली केळी यांचे आमिष वापरणे श्रेयस्कर असते. यास्तव ‘अ’ जातीचे शंभर व ‘ब’ जातीचे दहा पतंग मिळाले, म्हणून ‘अ’ दसपट विपुल आहे, असे म्हणता येत नाही. त्याच जागी त्याच सापळ्यात ‘अ’ जातीची संख्या वीस वर्षांत शंभरावरून तीसवर आली, तर मात्र त्या घटीला अर्थ आहे. सापळ्याची खरी ताकद अशा प्रकारे काळाच्या तुलनेत आहे.

याचे सर्वांत ठोस उदाहरण पुन्हा रॉथॅमस्टेडचेच आहे. एल्. आर्. टेलर यांच्या पुढाकाराने १९६० नंतर तेथील सापळा पुन्हा सुरू झाला व १९६८ पासून ब्रिटनभर एकाच नमुन्याच्या सापळ्यांचे जाळे उभे राहिले. त्यांतील बरेच स्वयंसेवक चालवितात. १९६८–२००२ या काळातील नोंदींवरून मोठ्या पतंगांची एकूण संख्या सु. ३१ टक्क्यांनी घटल्याचे आणि तपासलेल्या ३३७ जातींपैकी सु. दोन-तृतीयांश जाती कमी होत असल्याचे २००६ मध्ये निदर्शनास आले. घटलेल्यांत सर्वपरिचित जातीही होत्या. नित्य दिसणारा पतंग थोडा कमी झाला, तर कोणाच्या लक्षात येत नाही. रोजच्या कंटाळवाण्या मोजणीनेच ते उघडकीस आले.

भारतातील कार्य : भारतीय पतंगांच्या वर्गीकरणाचा पाया जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९२–९६ मध्ये ब्रिटिश भारताच्या प्राणिजातविषयक ग्रंथमालेत प्रसिद्ध केलेल्या चार खंडांनी घातला. पाच हजारांहून अधिक जातींचा परामर्श घेणारे हे खंड आजही हाताशी ठेवावे लागतात, मात्र त्यांतील नावे व कुलांच्या मर्यादा बऱ्याच बदलल्या आहेत. त्याच मालेत १९३७ मध्ये बेल व स्कॉट यांचा स्फिंजिडी कुलावरील खंड आला. टी. आर्. बेल हे कारवार येथे राहिलेले वनाधिकारी होते. त्यांनी दिव्यावर आलेल्या पतंगांवर न थांबता त्यांच्या अळ्या स्थानिक वनस्पतींवर वाढवून पाहिल्या, म्हणून या खंडातील खाद्यवनस्पतींची माहिती कोकण व गोवे येथील अभ्यासकास विशेष मोलाची आहे.

शेतीच्या क्षेत्रात प्रकाश सापळा आपल्याकडे अधिक परिचित आहे. भातावरील पिवळ्या खोडकिड्याच्या अळीमुळे आधी गाभा मरतो व नंतर पांढऱ्या, पोकळ लोंब्या निघतात. त्याचे पतंग दिव्यावर येत असल्याने सापळ्यातील चढउतारावरून प्रादुर्भावाचा पूर्वअंदाज बांधता येतो. हरभरा व तुरीवरील घाटेअळीच्या पतंगांच्या नोंदी हैदराबादजवळ पाटनचेरू येथील आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने १९७० नंतरच्या दशकापासून ठेवल्या. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी मात्र कामगंध सापळा अधिक सोयीचा ठरतो. त्यात एकाच जातीचे नर येतात व ओळखीचा प्रश्न उरत नाही. उलट, जी कीड त्या भागात अद्याप ठाऊकच नाही तिच्यासाठी कामगंध लावलेला नसतो; ती दिव्याखालच्या गर्दीतच प्रथम दिसण्याचा संभव असतो. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात आढळली, त्यानंतर अशा सर्वसमावेशक नोंदींची निकड अधिक जाणवू लागली.

किडीचा नाश करण्यासाठी शेतात रात्रभर सापळे पेटते ठेवणे ही गोष्ट वेगळी असून तिच्याविषयी सावधगिरी बाळगावी लागते. घमेल्यातील रॉकेलमिश्रित पाण्यात किडींबरोबर परजीवी गांधीलमाश्या, मित्रभुंगेरे व निरुपद्रवी पतंगही मरतात. बहुतेक किडींच्या बाबतीत दिव्यावर आलेल्या माद्यांपैकी पुष्कळांनी अंडी आधीच घातलेली असतात, त्यामुळे मोठा ढीग दिसूनही पिकाला होणारा लाभ थोडा असतो. म्हणून दिवा रात्रीच्या पहिल्या काही तासांपुरताच लावावा, अशी शिफारस केली जाते. शेतातील सापळ्यांच्या नोंदवह्यांत बहुधा दोन-चार किडींचेच रकाने असतात व उरलेले शेकडो पतंग न मोजता फेकले जातात. तेच पतंग कुलांपुरते जरी वेगळे करून मोजले गेले असते, तरी आज काही दशकांची तुलना हाती असती.

शहरे व महामार्ग यांच्या लगतच्या सर्वेक्षणात आता आणखी एक अडचण येते. रस्त्यावरच्या दिव्यांनी उजळलेल्या आकाशाखाली सापळ्याचा दिवा फिका पडतो आणि पकड घटते. पतंग खरोखर कमी झाले की दिव्याचा टप्पा आकसला, हे मग ठरविता येत नाही. अशा ठिकाणी दर रात्री प्रकाशमापकाने आकाशाची उजळणी मोजून ती दिव्याचा प्रकार, त्याचे वॉट, चालू राहिल्याचे तास, किमान तापमान, वारा, ढग व चंद्राची कला यांसह पतंगांच्या यादीबरोबरच नोंदवितात.